गाडी सुरू झाल्याची तक्रार

हवालदार गाडीचोरीची तक्रार लिहीत असताना पकडून आणलेला चोर मध्येच बोलला, "साहेब, मी नुसता आत बसलो. ढकलली सोसायटीवाल्यांनी. सगळ्यात जास्त जोर ह्या ओगलेकाकांचा."

हवालदारांनी काकांकडे पाहिलं. "स्वतःची गाडी?"

"मला वाटलं, मेकॅनिकच आलाय." चाळीस वर्षांची ती गाडी दिसली, की आत कोण आहे ते न बघता ढकलायची, हा सोसायटीचा संस्कारच होता.

काकांचं डोकं मात्र भलतीकडेच होतं. आठ महिने तीन मेकॅनिकांना दाद न दिलेली गाडी ह्यानं चक्क घाट चढवली होती.

"तक्रार मागे घेतो," काका गदगदून म्हणाले. "फक्त ह्याला गाडी सांभाळायला माझ्याकडे द्या."

चोरानं हवालदारांचे पायच धरले. "साहेब, गेल्या दिवाळीतल्या दोन स्कूटरपण मीच उचलल्या. मला आत टाका!"