चौदावा पेपर

“कॅप्टन चुकतोय, हे को-पायलटला स्पष्ट दिसतंय. त्याने काय करावं?” मेधाने प्रश्न वाचला आणि चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

निशिकांत खिडकीतून खाली बघत होता. सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या ब्लॉकांमधून दुपारची बस वळत होती.

दाराशी बॅग भरून ठेवलेली. परवा व्हिएन्नात चौदावा पेपर. हवाई दलात बावीस वर्षं आणि इथल्या एअरलाइनमध्ये नऊ वर्षं विमान उडवलेला माणूस, पण युरोपचं लायसन्स हवं तर पोराटोरांबरोबर बाकावर बसायचं. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. हवामान, दिशादर्शन, कायदा असे तेरा पेपर त्याने पहिल्या झटक्यात काढले होते. अडला होता तो माणसाच्या वागणुकीचा पेपर, जो बाकीचे एका संध्याकाळच्या वाचनावर पास होत. त्यात तो तीनदा नापास झाला होता. चौथी संधी शेवटची. ती गेली की चौदाही पेपर पहिल्यापासून. इथला करार संपला होता, इथे राहण्याचा पास महिनाअखेर संपणार होता, आणि पन्नाशी उलटलेल्या वैमानिकाची वाट बघत कोणी बसत नाही.

“अ, एकदा सांगावं आणि मग कॅप्टनचा हुकूम मानावा,” मेधा पर्याय वाचू लागली. “ब, स्पष्ट बजावावं, आणि ऐकलं नाही तर कंट्रोल स्वतःच्या हातात घ्यावा.”

“पुढचा प्रश्न घे.”

“निशी, अरे, शेंबडं पोरही ब म्हणेल!”

“माहीत आहे मला.”

“मग अडतं कुठे?”

तो खिडकीपासून येऊन टेबलाशी तिच्यासमोर बसला.

“श्रीनिवास सरांना मी एकदाच म्हणालो, सर, समोर डोंगर आहे. ते म्हणाले, गप्प बस. ते विंग कमांडर, मी को-पायलट, कालचा पोरगा. सरांना दुसऱ्यांदा टोकायची आमच्यात रीत नव्हती. ब बरोबर असेल, तर सर माझ्यामुळे गेले, मेधा. असा प्रश्न आला की हात हलत नाही माझा. तिथेच वेळ संपतो.”

हवाई दलातल्या त्या अपघातातून तो एकटा वाचला, एवढंच मेधाला ठाऊक होतं. उरलेलं त्याने सत्तावीस वर्षं पोटात ठेवलं होतं. तिला रडू फुटलं, पण तिने पान उलटलं नाही.

“पुन्हा वाचते,” ती म्हणाली, आणि तिने तोच प्रश्न सावकाश, पहिल्यापासून वाचला.

निशिकांतने डोळे मिटले. त्याचे दोन्ही हात टेबलावरून पुढे सरकले, विमानाचा दांडा धरावा तशा मुठी वळल्या.

“सर,” तो म्हणाला, “आता विमान माझ्या हातात द्या.”

आणि त्याने त्या रिकाम्या मुठी सगळा जोर लावून छातीशी ओढून घेतल्या.