आत्याचं माप

परीक्षक बाईंनी लोसेलीच्या अंगावरच्या चटईची कड दोन बोटांत धरली आणि मागच्या दोघा परीक्षकांना हाक मारली.

"इकडे या, हे बघा तरी. ही झीज बघा. कारखान्यात अशी आणून दाखवावी कुणी." मग त्या लोसेलीकडे वळल्या. "कसं साधलंस गं हे?"

रंगमंचामागच्या खोलीत इतर शाळांच्या मुलींची लगीनघाई चालली होती. कुणी इस्त्री फिरवत होतं, कुणी मैत्रिणीच्या अंगावरच कापडाला टाचण्या लावत होतं. लोसेली एकटीच रिकाम्या हातांनी उभी होती. अंगात काळा झगा, त्यावर छातीपासून पोटऱ्यांपर्यंत गुंडाळलेली केवड्याच्या पानांची चटई. जुनी, काळवंडलेली, कडेला चिंध्या लोंबणारी.

ऑकलंडच्या रस्त्यावर टोंगा बेटांकडच्या, तिच्याच समाजाच्या एखाद्या माणसानं तिला तशी पाहिली असती, तर मान खाली घालून वाट दिली असती. घरात कुणी गेलं की चटई गुंडाळायची. गेलेलं माणूस नात्यानं जितकं वरचं, तितकी तुमची चटई मोठी आणि फाटकी. आणि आत्यापेक्षा वरचं कुणी नसतंच. बापाची बहीण म्हणजे घरातलं सरकार, तिच्यापुढे बापाचीही ब्र काढायची टाप नाही. म्हणून आईनं पेटीच्या तळातून घरातली सगळ्यात फाटकी चटई काढून लोसेलीला दिली होती. लोसेलीच्या आत्याला, मेलेआनेला, सकाळीच माती देऊन सगळे परतले होते.

आत्याचा जन्म इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालण्यात गेला. "लोकांच्या चादरी माझ्या हातून गेल्या तेवढ्या पुरे," ती म्हणायची, "तू कात्री धर." वेलिंग्टनच्या कॉलेजात कपडे बेतायला शिकायचं तर या स्पर्धेची शिष्यवृत्ती हाच रस्ता होता. नाहीतर धुलाईखाना होताच. तिथं माणसं नेहमीच हवी असतात.

घरात शिंप्याकडे असतो तसा पुतळा नव्हता, म्हणून स्पर्धेचा ड्रेस लोसेलीनं आत्याच्या अंगावरच बेतला. चर्चला शोभेल असा पांढरा, गळ्याशी झाडाच्या सालीच्या कापडाची नक्षीदार पट्टी. आत्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभी राहायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची.

"टाचणी कापडाला लाव गं बाई. माझ्या बरगडीला नको."

मग एकदा कंबर ढिली झाली. लोसेलीनं शिवण उसवून आत घेतली. पुढच्या खेपेला ती पुन्हा ढिली झाली, आणि खांदेही उतरले. "तुझी टेपच खोटारडी," आत्या म्हणाली. लोसेलीनं हो म्हटलं आणि खांदे आत घेतले. मग बाह्या, मग छाती. टेप खोटं बोलत नाही हे दोघींनाही कळत होतं. डॉक्टरांच्या आधी ते त्या शिवणीला कळलं होतं. पण दोघींपैकी कुणीच तो विषय काढला नाही. लोसेलीला आता त्याचंच फार वाईट वाटत होतं.

शेवटी शेवटी आत्या स्टुलावर उभीही राहू शकत नव्हती. तेव्हा तिनं लोसेलीचं मनगट धरलं. "स्पर्धेच्या दिवशी काहीही होवो, तू जायचंस. मी मेले तरी."

आत्याचा शब्द मोडायचा नसतो. म्हणून हाताची माती धुऊन लोसेली आली होती. शिवणाच्या शिक्षिका मिसेस ड्रमंड तिला गाडीतून घेऊन आल्या. ड्रेस कुठे आहे हे वाटेत विचारायचा त्यांना धीर झाला नव्हता.

"मला विचाराल, तर बाकीचं बघायची गरजच नाही," म्हातारे परीक्षक म्हणाले. "पहिली हीच."

मिसेस ड्रमंड लोसेलीच्या कानाशी वाकल्या. "काही बोलू नकोस. नुसती मान हलव. तुझ्या आत्यालाही हेच हवं होतं."

ते खोटं नव्हतं. आत्याला हेच हवं होतं. लोसेलीची मान हलणारच होती.

"एवढी एक चिंधी तेवढी काढू या," परीक्षक बाई म्हणाल्या. "चालताना पायात येईल तुझ्या." त्यांनी टेबलावरची कात्री उचलली.

लोसेली एक पाऊल मागे सरली. चिंध्या दोन्ही हातांनी पोटाशी धरल्या.

"कापू नका. या मी केलेल्या नाहीत. आमच्या घरात जेवढी माणसं गेली, तेवढ्या वेळा ही चटई कुणीतरी नेसलंय. ती तशी फाटत आलीय. मी सुतकात आहे. सकाळी आत्याला पुरलं."

इस्त्री करणाऱ्या मुलींचे हात थांबले. मिसेस ड्रमंडनी डोळे मिटून घेतले. बाईंनी कात्री सावकाश खाली ठेवली.

"चुकलं माझं, बाळ," त्या म्हणाल्या. त्या मनापासून बोलत होत्या. "पण मग तुझा ड्रेस? तो आण की. थांबतो आम्ही. इथल्या कुठल्याही मुलीच्या अंगावर चढव, आम्ही बघतो."

लोसेलीनं खोलीतल्या मुलींकडे पाहिलं. चांगल्या अंगापिंडाच्या, तिच्याच वयाच्या मुली.

"तो आत्याच्या अंगावर आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तो बसलाच नसता."