बाहीखाली

"मनगटाला घड्याळ, बांगडी, धागा, काही नको," मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे यंत्रांचं काम, शिकवणाऱ्या सरांनी रीनाला बजावलं होतं. आज शाळेत चालत्या मशीनवर पहिलं प्रॅक्टिकल होतं.

"वरत पुरं होईस्तोर सोडू नोको," रुक्माने लेकीच्या मनगटावरच्या व्रताच्या धाग्याची गाठ आवळली. "तुह्या बाबानं कामावर जाताना काढला, हातच गेला ना बाप्पा!"

"नाई सोडत, आई. बाहीखाली लपवीन."

रीना निघाली. दारात बसलेला चंपत, तिचा बाप, तिच्या बाहीकडे बघत राहिला. हात गेला त्या दिवशी त्याने धागा काढलाच नव्हता. असाच बाहीखाली लपवला होता, आणि मशीनने आधी तोच ओढला. धागा रुक्मानेच बांधलेला; तिच्या जिवाला लागेल म्हणून तो खोटं बोलला होता.

उरलेल्या हाताने कात्री उचलून तो खुर्सीपार गावच्या बसथांब्यावर रीनाला गाठायला निघाला.