ठमाबाईचं अंडं

सून पहाटेच खुराड्यात हात घालून आली होती आणि आता काही ठाऊक नसल्यासारखी परसात कपडे वाळत घालत होती. एकच टॉवेल तिने दोनदा झटकला.

सासरे चपला फटफटवत बाहेर आले. सगळी हयात वेल्डिंगच्या कामात गेलेली. खुराडंही त्यांनी स्वतःच उरलेल्या सळया जोडून बनवलं होतं. आत हत्ती बांधला असता तरी निभावलं असतं. राहत होत्या चार कोंबड्या. रोज घरची ताजी अंडी खायची, या हौसेने आणलेल्या. अंडी मिळाली, पण त्यांच्यासोबत उकरलेल्या कुंड्या, पायऱ्यांवरची घाण आणि शेजारणीची बोलणीही मिळाली. सासऱ्यांनी ते सगळं चालवून घेतलं. चौघींतल्या ठमाबाईने मात्र अंडी देणंच बंद केलं, ते त्यांना चालेना.

"आज रविवार," ते म्हणाले. "आजही काही नसेल तर ही चिकनवाल्याकडे. नुसतं बसून खाणाऱ्याला मी पोसणार नाही, आधीच सांगितलंय."

"बघा तरी आधी, बाबा."

ठमाबाईची पिसं झडत होती. मान उघडी पडलेली, शेपटी बोडकी, पण तोरा कायम. दुपारी घर रिकामं झालं की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची आणि सून भाजी निवडता निवडता तिच्याशी बोलायची. माहेरचं, नवऱ्याचं, कधीकधी सासऱ्यांचंही. इतकं मान वळवून वळवून ऐकणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. सुनेचा फार जीव होता तिच्यावर. लोक हसतील म्हणून ती कुणाला सांगत नव्हती, इतकंच.

सासऱ्यांनी खुराड्याचं दार उघडलं. ठमाबाईच्या कोपऱ्यात, भुशात अंडं होतं. त्यांनी ते उचललं, सुनेकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

ही त्यांची जुनी सवय. वेल्डिंगने डोळे कायम चुरचुरायचे, म्हणून ताजं अंडं हाती आलं की आधी ते पापण्यांवर फिरवायचं, त्याची ऊब असेपर्यंत. सुनेला हे चांगलं माहीत होतं. पहाटे घाईघाईने फ्रिजमधून अंडं काढताना नेमकं तेच आठवलं नव्हतं.

तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

सासरे अंडं पापणीला लावून उभेच राहिले.

"गार आहे," ते म्हणाले.

"थंडी पडलीये ना, बाबा."

"हं."

तेवढ्यात ठमाबाई स्वतःच बाहेर आली आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याला टोचू लागली. त्यांनी वाकून तिला काखेत घेतलं. ते फाटकाकडे निघाले तर आडवं यायचं, असं ठरवून सून ओल्या हातांनीच पुढे आली.

ते फाटकाकडे गेले नाहीत. पायरीवर टेकले आणि कोंबडीच्या उघड्या मानेवरून बोट फिरवू लागले. ठमाबाईने डोळे मिटून घेतले.

"नवी पिसं फुटतायत हिला," ते म्हणाले.

सुनेला आता खोटं पेलवेना. "बाबा, ते अंडं..."

"राहू दे," सासरे म्हणाले. त्यांनी अंडं दुसऱ्या डोळ्यावर धरलं. "डोळ्यांना गारच बरं वाटतंय. उद्याही गारच घालायला सांग तिला."