कान्ह्यापुरता पहिला

खंडाळ्याची शेवटची चढण संपली आणि दिगंबरच्या सायकलीचं पुढचं चाक दगडावर आदळून वाकलं. सोपान त्याच्या मागोमाग होता. तो पडता पडता वाचला, आणि पडलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला पुढच्याच क्षणी वाटलं.

मुंबईहून निघालेल्या शर्यतीत ते दोघं सगळ्यांच्या पुढं होते. दोघांच्या अंगात एकसारखे निळे सदरे. पुण्याचे सायकलवाले गंगाधरपंत बेल्जियमच्या सायकली विकायचे. तिकडच्यासारखा पगारी सायकलस्वारांचा संघ आपणही काढायचा, असं त्यांच्या डोक्यात भरलं. हौसेला मोल नसतं. संघ निघाला, वर्षभर गाजलाही. मग जर्मनांनी बेल्जियम गिळलं, सायकली यायच्या बंद झाल्या आणि पंतांनी हात टेकले. आजची शर्यत शेवटची. उद्या सायकली दुकानात जमा करायच्या.

तिकडचा एक नियम पंतांनी पोरांकडून घोकून घेतला होता. म्होरक्याचं चाक मोडलं की मागच्यानं आपलं काढून द्यायचं, तोंडातून ब्र न काढता. म्होरक्या पुण्याचा दिगंबर. चाक देणारा मावळातला सोपान, हे काही वेगळं सांगायला नको.

तिकडचीच आणखी एक रीत होती, ती मात्र सोपानला फार आवडायची. एखाद्याचं गाव वाटेत आलं की बाकीचे जरा दमानं घेतात आणि त्याला गावापुरतं पुढं जाऊ देतात. सोपानचं कान्हे या रस्त्यावरच होतं. आजवरच्या शर्यती सगळ्या साताऱ्याकडं झाल्या, त्यामुळं त्याच्या आईनं, सरुबाईनं, लेकाला शर्यतीत कधी पाहिलंच नव्हतं. आज ती सकाळपासून फाट्यावर येऊन बसली असणार. मोतीबिंदूनं तिला माणूस ओळखू येत नव्हतं. म्हणून दसऱ्याला सायकल पुजताना तिनं आपल्या लुगड्याची लाल चिंधी पुढच्या चाकाच्या तारांना बांधली होती. चाक फिरलं की लाल कडं दिसायचं, तेवढं तिला कळायचं. "आज कान्ह्यातून तूच पुढं," असं दिगंबरनं निघताना कबूलही केलं होतं.

"सोप्या, चाक!" दिगंबर ओरडला.

खालच्या वळणावर मागच्यांची आरडाओरड ऐकू येत होती. सोपाननं पान्यानं नट सैल केले, चाक काढलं आणि त्याची बोटं चिंधीच्या गाठीवर गेली.

"ते राहू दे रे! आले ते!"

"गाठ तेवढी सोडू दे. आई हाय माजी कान्ह्यात."

"अरे, शेवटची शर्यत आहे ही!"

शेवटची होती म्हणूनच तर सोपानचा जीव तुटत होता. पण गाठ आईनं मारलेली, ती काय अशी घाईत सुटते? त्यानं चाक हातातून सोडलं. दिगंबरनं ते चढवलं, टांग मारली आणि लाल कडं लोणावळ्याच्या वळणाआड गेलं.

पंतांची लॉरी घाटात तापून बसली होती. ती वर येईपर्यंत मागचे सगळे सोपानला ओलांडून गेले. एकानं तर जाता जाता हात हलवला. वाकडं चाक मांडीवर घेऊन सोपान लॉरीत चढला, आणि ड्रायव्हरनं काही विचारू नये म्हणून सगळी वाट बाहेर बघत राहिला.

कान्हे फाट्यावर तो उतरला तेव्हा गर्दी पांगली होती. आई एकटीच आंब्याखाली बसली होती, शेजारचा कोंडाजी तिच्याजवळ उभा होता. कोंडाजीचे डोळे धडधाकट होते. त्यानं सोपानला लॉरीतून उतरताना पाहिलं आणि मान खाली घातली.

"सोपान न्हवं का?" आईनं त्याच्या सदऱ्यावरून हात फिरवला. "पुण्याला पोचून माघारी बी आलास? पयला व्हतास बग! लाल कडं दिसलं, तसा म्या भाकरतुकडा ओवाळून टाकला. कोंडाजी, सांग की त्याला."

"व्हय मावशी," कोंडाजी म्हणाला. "पयलाच व्हता."

सोपानला वाटलं, सांगून टाकावं. पण सांगितलं तर तिच्या हाती काय उरणार? पुढची शर्यत तर नव्हतीच. आई त्याच्या पाठीवरची धूळ झटकत होती.

झटकता झटकता तिचा हात थांबला.

"एक इचारू? म्या सोपाना, सोपाना म्हनून एवढी वरडत व्हते. तुला येकदा वळून बगावंसं बी वाटलं न्हाई व्हय रं?"

सोपान तिच्यापुढं मातीत बसला.

"चुकलं, आये," तो म्हणाला. "मला ऐकू न्हाई आलं."