बंद खोलीतली कुत्री

खिडकीची जाळी कोपऱ्यात सुटलेली होती. ती अंग चोरून आत उतरली आणि कॅमेरा छातीशी धरून भिंतीला चिकटली. बाहेर भरदुपार, आत अंधार. अंधारात कुणाकुणाचे श्वास ऐकू येत होते.

ती सगळी कुत्रीच होती. आश्रयघरातून एकेक करून नाहीशी झालेली.

ती त्यांना चेहऱ्याने ओळखत होती. तिने काढलेले फोटो बघूनच लोक त्यांना घरी न्यायला यायचे. फोटो काढताना आश्रयघराच्या ताई तिच्या मागे उभ्या राहायच्या. मग एकही कुत्रं जागचं हलायचं नाही.

"लेकरं आहेत गं माझी," ताई म्हणायच्या.

लेकरं चोरीला जाऊ लागली तेव्हा ताईंच्या डोळ्यांचं पाणी खळेना. संशय सरळ होता, नुकत्याच काढून टाकलेल्या रखवालदारावर.

"झुंजींसाठी विकत असेल मेला," ताई म्हणाल्या, "पण पुराव्याशिवाय आपलं कोण ऐकणार?"

त्याचा माग काढत ती या खोलीपर्यंत आली होती, आणि पुरावा आता समोर होता. भुरी कुत्री कुशीवर पडली होती. पोटावर, मांड्यांच्या आत गोल गोल चटके. लंगड्या कुत्र्याच्याही. फोटोत कधीच न दिसलेले. तिने फोटो काढले, मोबाइलवरून ताईंना पत्ता पाठवला.

लगेच उत्तर आलं. "तिथेच थांब. निघालेच."

तेवढ्यात कडी वाजली.

रखवालदार आत आला. तिला पाहून थबकला. मग त्याने आतून कडी लावून घेतली.

"ओरडू नका मॅडम. बिथरतात ती."

तो भुरीजवळ उकिडवा बसला. खिशातून मलमाची ट्यूब काढून चटक्यांवर हलक्या बोटाने लावू लागला. भुरीने त्याचं मनगट चाटलं.

"जुने आहेत. लवकर भरत नाहीत."

"खोटं बोलू नकोस."

"काढा फोटो. माझं कुणी ऐकलं नाही, तुमचे फोटो लोक बघतात. फक्त ही जागा कुणाला सांगू नका."

तिची नजर हातातल्या मोबाइलवर गेली.

बाहेर गाडी थांबली. दार आपटलं.

"बाळांनो, कुठे आहात रे?" ताईंचा लाडिक आवाज आला.

भुरीने बसल्या जागी मुतून टाकलं, आणि सगळी कुत्री पोटावर सरपटत, हूं की चूं न करता, रखवालदाराच्या पाठीमागे जाऊन दडली.