पिवळीची परीक्षा

मोठे सर निवड समितीत आहेत हे तिला मुलाखतीच्या खोलीचं दार ढकलल्यावर कळलं.

शेती आणि अन्न या विषयांतल्या तरुण संशोधकांना पहिलंवहिलं अनुदान देणारी ती समिती. टेबलामागे पाच खुर्च्या, आणि मधल्या खुर्चीत अध्यक्ष म्हणून मोठे सर. ‘पिवळी’ हे कडधान्य त्यांनीच तयार केलेलं. पाणी नसलं तरी तगणारं, कीड न लागणारं, स्वस्त. गरिबाच्या ताटात ते दोन्ही वेळेला असायचं. काही वर्षांत शाळेतल्या मुलांच्या जेवणातही ते येणार अशी चर्चा होती. आणि तिचा अर्ज होता तो पिवळी खाऊन पाय लुळे पडतात का, हे तपासण्यासाठी.

‘पिवळीचं नाव घालू नकोस,’ प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने तिला बजावलं होतं. ‘तिथे तुझी डाळ शिजायची नाही.’ तेव्हा दोघी खूप हसल्या होत्या.

तिने मामाच्या शेळ्यांची हकिकत सांगितली. पिवळीची चुरी खाऊन त्यांचे मागचे पाय आखडले होते, खुरांच्या टोकांवर चालायच्या. शेळ्या म्हाताऱ्या झाल्या असतील, असं एक सदस्य म्हणाले आणि बाकीचे हसले. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, की असं काही असतं तर आजवर कुणाच्याच नजरेला कसं पडलं नाही? यावर एक ओळही छापलेली दिसत नाही. तिनेही ग्रंथालयं पालथी घातली होती आणि हात हलवत परत आली होती.

मग मोठे सर बोलले. ‘माझ्या हातून चूक झाली असेल, तर ती कुणी शोधायलाच नको का?’

तिला तीन वर्षांचं अनुदान मिळालं.

नुसतं अनुदान देऊन ते थांबले नाहीत. त्यांनी तिला स्वतःच्या हाताखाली घेतलं. संस्थेच्या मागच्या बाजूचा, बरेच दिवस बंद असलेला गोठा तिच्यासाठी उघडून दिला. शेळ्यांच्या उंचीच्या गव्हाणी तिथे आयत्याच होत्या. फक्त धूळ झटकावी लागली. अनुदानाच्या अटींत एक अट होती: निष्कर्ष अध्यक्षांच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाहीत. तिने बेलाशक मान्य केली. जो माणूस स्वतःच्या नावलौकिकावर पाणी सोडायला तयार झाला, त्याच्यावर शंका कसली घ्यायची? तिच्या आईने तर देव्हाऱ्यापुढे हात जोडावेत तसे त्यांच्या फोटोपुढे जोडले.

तिने जिवाचं रान केलं. मागेल ते यंत्र सर मिळवून देत. आई आजारी पडली तेव्हा त्यांनी आपली गाडी पाठवली. त्यांचं म्हणणं एकच असे: खात्री होईपर्यंत बाहेर अवाक्षर नको, अर्धवट बातमीने लोक घाबरतात. तिला ते पटायचं. मामाकडे जेवायला गेली की पिवळीचं पातेलं समोर यायचं. ती स्वतः ‘पोट बरं नाही’ म्हणून टाळायची, आणि मामा दोनदा वाढून घ्यायचा तेव्हा मूग गिळून बसायची.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मामा पाय ओढत चालायला लागला. डॉक्टर म्हणाले, वय झालं. त्या दिवशी तिने सरांचा शब्द मोडला आणि मामाला सगळं सांगितलं. मामाने पिवळी सोडली, पण पाय काही परत आले नाहीत. ‘तुला आधीच माहीत होतं का गं?’ एवढंच त्याने विचारलं होतं.

तिसऱ्या वर्षी सगळं स्पष्ट झालं. दाण्यातलं नेमकं कोणतं द्रव्य मज्जातंतू मारतं, ते तिने वेगळं काढून दाखवलं. सकाळी सकाळी ती अहवाल घेऊन सरांच्या खोलीत गेली. त्यांनी तो तिच्यासमोरच शेवटपर्यंत वाचला.

‘निर्विवाद आहे,’ ते म्हणाले. ‘फार सुंदर काम केलंस.’

तिचे डोळे भरून आले. तिने भराभर सांगून टाकलं, की पुढच्या महिन्यापासून शाळांना पिवळी जाणार आहे, त्याआधी हे जाहीर व्हायला हवं. आज सही झाली तर उद्याच पाठवता येईल.

सरांनी पेनाला टोपण लावलं.

‘सही होणार नाही,’ ते म्हणाले.

आपण चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं. तिने पुन्हा विचारलं. मग मामाबद्दल सांगितलं, तो आता मोरीपर्यंत सरपटत जातो तेही सांगितलं. सरांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. परदेशातल्या एका संस्थेत तिच्यासाठी त्यांनी जागा बघून ठेवली होती. राहायला घर, आईचीही सोय, काम दुसऱ्या पिकावर. त्यांचे जुने विद्यार्थी तिथे होते, सुखात होते.

ती उठली.

‘मला गप्प बसवून काय होणार, सर? उद्या आणखी कुणाच्या शेळ्या आखडतील. आणखी कुणीतरी असाच अर्ज घेऊन तुमच्यापुढे येईल.’

‘येतंच,’ मोठे सर म्हणाले. ‘दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी येतं. प्रत्येकाला अनुदान मीच मिळवून देतो.’